अमेरिकेची लाल ज्वारी, डीडीजीएस आणि आपला मका : पोल्ट्रीवाल्यांनी नेमकं कुणाच्या बाजूनं बोलायचं?

विटेकर_लेयर

२०२६ च्या फेब्रुवारीत भारत-अमेरिका व्यापाराचं संयुक्त निवेदन आलं तेव्हापासून आमच्या पोल्ट्रीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर नुसता धुरळा चाललाय. अमेरिकेच्या कुठल्या मालावरचं आयात शुल्क कमी किंवा शून्य करायचं त्या यादीत डीडीजीएस (इथेनॉल काढून उरलेला धान्याचा चोथा) आहे, पशुखाद्यासाठी लाल ज्वारी आहे, सोयातेल आहे. मका आणि सोयाबीन नाही. अर्धे लोक म्हणतात खाद्य स्वस्त होणार, पेढे वाटा, आणि अर्धे म्हणतात उद्या ते कोंबडीचे तंगडेसुद्धा पाठवतील मग वाटा पेढे.

माझ्याकडं लेयर म्हणजे अंड्याच्या कोंबड्या आहेत, १८ हजार पक्षी. एका पक्ष्याला दिवसाला ११० ग्रॅम खाद्य धरा, म्हणजे रोजचं दोन टन, त्यात निम्म्याहून जास्त मका. महिन्याला ३०-३३ टन मका लागतोच लागतो, पाऊस असो, निवडणूक असो नाहीतर श्रावण असो, कोंबडीला श्रावण नसतो (गिऱ्हाईकाला असतो, ते दुखणं वेगळं). एकूण खर्चातले ६५-७० टक्के खाद्यातच जातात. त्यामुळं मक्याचा भाव क्विंटलला शंभरनं हलला की मला कॅल्क्युलेटर लागत नाही, पोटातच कळतं.

पण गंमत अशी की मी स्वतः शेतकऱ्याच्याच घरातला. भाऊ मका करतो. मका महाग झाला की मी बोंबलतो, स्वस्त झाला की तो. आयात व्हावी का नको यावर घरात जेवताना बोलायचं नाही असा आईनं नियम केलाय. म्हणून इथं विचारतो. जाणकारांनी लिहा, राजकीय पक्षांना मध्ये आणू नका प्लीज.

पुणेरी_प्रेक्षक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (देशी मक्याचे आहेत, काळजी नसावी.)

सिल्लोडचा_मकेवाला

विटेकर दादा, राग मानू नका पण तुमच्या लोकांचा कळवळा आम्ही लै वर्षांपासून बघतोय. २०२४ मध्ये मका अडीच हजाराच्या वर गेला तर पोल्ट्रीवाल्यांच्या संघटना दिल्लीत, आयात करा, शुल्क काढा, कोंबडी मरायला लागली. सरकारनं जूनमध्ये जवळपास पाच लाख टन मका १५ टक्के शुल्कानं आणायला परवानगी दिली, एरवी ते शुल्क ५० टक्के आहे. बरं. आता २०२५ च्या दिवाळीत काय झालं ते सांगा. हमीभाव २४००, आणि आमच्याकडं व्यापारी १५००, १६००, चांगला वाळलेला असला तर १८००. कर्नाटकात गदग-हावेरीकडचे शेतकरी रस्त्यावर बसले. तेव्हा एकतरी पोल्ट्री संघटना म्हटली का की बाबांनो आम्ही हमीभावानं घेतो?

सप्टेंबरात पावसानं मराठवाडा धुऊन नेला. जो मका वाचला त्याला ओल. वाळवायला ऊन नाही, ड्रायर नाही, डांबरी रोडवर पसरला तर गाड्यावाले शिव्या घालतात. आणि व्यापारी ओलाव्याचं मशीन लावून वर परत मूठभर दाणे दाताखाली फोडून बघतो. मशीन खोटं का दात खोटे ते त्यालाच ठाऊक.

विटेकर_लेयर

सिल्लोडकर भाऊ, राग कशाचा. पण ओलाव्याचा हिशोब आमच्या बाजूनंही एकदा ऐका. २० टक्के ओलाव्याचा १०० किलो मका मी १६०० ला घेतला तर त्यात कोरडा माल ८० किलो. तो १४ टक्क्यावर वाळवला की माझ्या हातात ९३ किलो उरतो, म्हणजे मला तो १७२० ला पडला, वाळवायची मजुरी वेगळी. आणि नाही वाळवला तर थप्पीच्या मधल्या पोत्यात हात घातला की गरम लागतो, पंधरवड्यात दाण्याच्या टोकाला हिरवट-काळं यायला लागतं, कुबट वास सुटतो. तो मका खाल्ला की अंडी पडतात. म्हणजे संख्या पडते, गैरसमज नको. अफ्लाटॉक्सिन म्हणतात ते बुरशीचं विष हेच, लिव्हर पिवळं पडून चुरा होतो, पोस्टमॉर्टेमला हातात घेतलं तरी कळतं. मग टॉक्सिन बाइंडर (विष धरून ठेवणारं औषध) टाका, लिव्हर टॉनिक टाका, तो खर्च कुणी मोजत नाही.

दात लावणं सोडणार नाही मात्र. कट्ट आवाज आला तर माल घ्यायचा, चपटला तर नाही. आमच्या वडिलांपासून चालत आलंय.

पशुपोषण_कट्टा

मी व्हेटरनरी करून फीड फॉर्म्युलेशनमध्ये आहे, नोकरी कुठं ते विचारू नका. थोडं तांत्रिक लिहितो कारण "आपलं खाद्य शंभर टक्के देशी" असा बऱ्याच जणांचा समज असतो.

ब्रॉयलरच्या (मांसाच्या कोंबडीच्या) खाद्यात ढोबळमानानं ५५ ते ६५ टक्के मका, २५-३० टक्के सोया डीओसी (तेल काढून उरलेली पेंड), थोडं तेल, बाकी डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर), मीठ, प्रीमिक्स (व्हिटॅमिन-खनिजांचं मिश्रण), अमिनो ॲसिड. मका आणि डीओसी देशी, मान्य. पण त्यातलंच मिथिओनीन नावाचं अमिनो ॲसिड? ते जवळजवळ सगळं बाहेरून येतं. व्हिटॅमिनांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात चीनमधून. तेल पाम घ्या नाहीतर सोया, खाद्यतेलात देशच अर्ध्याहून जास्त आयातीवर. ब्रॉयलरच्या ज्या जाती आपण वाढवतो त्यांचं मूळही परदेशीच. टनाला दोन-तीन किलो पडणारं मिथिओनीन महिनाभर आलं नाही तर सिल्लोडचा मका कितीही चांगला असला तरी पक्षी वजन धरणार नाही, पिसं नीट येणार नाहीत. तेव्हा आयातीवर अवलंबून राहायचं की नाही हा प्रश्न पोल्ट्रीत कधीच निकालात निघालाय, वाद उरलाय तो फक्त धान्याचा.

आता धान्याचं गणित. दोन किलोचा पक्षी, एफसीआर (किलोभर वजनामागं लागणारं खाद्य) १.६ धरला तर त्यानं ३.२ किलो खाद्य खाल्लं, त्यात मका साधारण १.९ किलो. मका १८ वरून २५ रुपये किलो झाला की पक्ष्यामागं १३ रुपये वाढले, जिवंत वजनाच्या किलोला साडेसहा. फार्मवरच्या भावात साडेसहा रुपये म्हणजे अख्खा नफा, कधीकधी त्याहून जास्त.

लाल ज्वारीबद्दल : लोक टॅनिनचं (दाण्यातलं तुरट द्रव्य, पचनाला आडवं येतं) नाव काढून घाबरतात. जुन्या तपकिरी वाणांत टॅनिन असायचं, अमेरिकेत आता पिकते ती बहुतेक टॅनिनमुक्त आहे. एनर्जी मक्यापेक्षा जराशी कमी. पण तिच्यात पिवळा रंगच नाही, मका काढून ज्वारी घातली की बलक पांढुरका पडतो. ब्रॉयलरला चालेल, लेयरवाल्यांनी आधी गिऱ्हाईकाला विचारावं.

बलकप्रेमी

म्हणजे गावरान म्हणून जे डार्क बलकवालं अंडं आम्ही १५ रुपयाला घेतो ते...

पशुपोषण_कट्टा

...झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात घातला तरी बलक डार्क होतो. एवढंच बोलतो आणि खाली बसतो.

जुनी_ज्वारी

या ज्वारीच्या बातमीवर मला हसू का रडू कळेना. महाराष्ट्र म्हणजे ज्वारीचं राज्य. खरीप ज्वारी आमच्या लातूर-नांदेड पट्ट्यात डोळा जाईल तिथवर असायची, संकरित आली, पीक वाढलं, पण काढणीला पाऊस लागला की दाणा काळा. ती काळी ज्वारी माणसं खाईनात, मग दारूला आणि कोंबडीला जायची कवडीमोलानं. लोक कंटाळले, सोयाबीनकडं वळले, आणि आता खरीप ज्वारी शोधावी लागते. आता कोंबडीसाठी ज्वारी अमेरिकेतून येणार! अरे आमच्याच खरीप ज्वारीला बुरशी न धरणारं वाण आणि चार पैसे भाव दिला असता तर कडबा पण मिळाला असता जनावराला. अमेरिकेतून कडबा येणार आहे का बोटीत?

दिंडोरी_करारवाला

सगळे मालक लोक बोलतायत, जरा करारवाल्यांचंही ऐका. माझं शेड पाच हजार पक्ष्यांचं, कंपनीचं पिल्लू, कंपनीचं खाद्य, कंपनीचं औषध, माझं शेड, माझी लाईट, माझं तूस, माझी बायको रात्री दोनला उठून ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारा दिवा) बघणार. मला मिळतात किलोला सहा-सात रुपये ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवायची मजुरी. आणि कोंबडीखत विकून जे येईल ते.

तुम्ही म्हणाल मक्याच्या भावाशी तुझा काय संबंध. कागदावर काहीच नाही. पण मका महागला की खाद्याचा रंग बदलतो साहेब. गेल्या एका बॅचला फिनिशर (शेवटच्या दिवसांतलं खाद्य) आलं ते पोतं फोडलं तर निम्मी भुकटी, पेलेट मुठीत दाबलं तरी पीठ होत होतं, वास पण वेगळा. पक्षी चोचीनं नुसता उकरतो, खाली पडतं, तुसात जातं. एफसीआर बिघडला. मग सुपरवायझर येऊन म्हणतो तुमचं मॅनेजमेंट चुकलं, भांड्यांची उंची बरोबर नव्हती. कपात माझी. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढची बॅच टाकायचीय.

आणि भाव पडले की पक्षी उचलायलाच येत नाहीत. पक्षी रोज खातो, वजन वाढतं, गर्दी होते, उन्हाळा असेल तर पटापट मरतात. नाहीतर दोन बॅचमधला गॅप वाढवतात, शेड रिकामं. बँकेचा हप्ता काही गॅप घेत नाही.

आयोवावासी_नाशिककर

मी मूळचा निफाडचा, सध्या आयोवात. घराच्या मागं जे शेत सुरू होतं ते संपताना दिसत नाही, सगळा मका आणि सोयाबीन. इथले शेतकरी पण रडतायत बरं का. २०२५ ला विक्रमी मका झालाय, चीन पूर्वीसारखा घेत नाही. त्यांचे वाणिज्यमंत्री लटनिक सप्टेंबरात बोललेच होते की १४० कोटींचा देश आमच्याकडून एक बुशेल मका का घेत नाही म्हणून. दबाव आहे तो उगाच नाही.

भावाचं सांगतो. बुशेल चार डॉलरच्या आसपास, बुशेल म्हणजे २५.४ किलो. आपल्या पैशात शेतावर किलोला १४-१५ रुपये. लगेच लाळ गाळू नका. मिसिसिपीतून बार्जनं न्यू ऑर्लिन्सकडं, तिथून बोट, महिना-दीड महिना समुद्रात. सगळं धरून न्हावा शेवाला माझ्या हिशोबानं २२-२३ पडेल, तेही एक रुपया शुल्क न लावता. ५० टक्के लावलं तर विषयच संपला. म्हणजे दिवाळीत सिल्लोडला १६-१७ नं मका पडलेला असताना अमेरिकन मका शून्य शुल्कानं आला तरी महागच. तो कामाचा कधी, तर मे-जून-जुलै-ऑगस्ट, तुमच्याकडं २५-२६ चालू असताना.

शिवाय इथला ९० टक्क्यांहून जास्त मका जीएम (जनुक बदललेला) आहे, आणि तो तुमच्या सरकारला चालत नाही. २०२४ ला जो आला तो म्यानमार आणि युक्रेनचा, नॉन-जीएम म्हणून.

सदाशिव_पेठ_शाकाहारी

जीएम खाल्लेली कोंबडी खाणाऱ्यांच्या आरोग्याचं काय? कुणीच त्याबद्दल बोलत नाहीये.

पशुपोषण_कट्टा

आधी एक सांगा, घरात सोयातेल वापरता का? जीएम सोयाबीनचं तेल आपल्याकडं वर्षानुवर्षं येतंय. आणि पेंडही एकदा येऊन गेलीय. ऑगस्ट २०२१, सोयाबीन क्विंटलला दहा हजारापर्यंत पोचलं होतं, डीओसी किलोला नव्वदच्या वर. सरकारनं १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली, सुरुवातीला न्हावा शेवा आणि बंगालमधलं पेट्रापोल एवढ्या दोनच दारांनी. मुदत आधी ऑक्टोबरअखेर, मग जानेवारीपर्यंत वाढवली. ती पेंड कोंबड्यांनी खाल्ली, त्या कोंबड्या आपण खाल्ल्या. पेंड खाल्ली म्हणून कोंबडीच्या मांसात ते जनुक उतरत नाही, पचनात त्याचे तुकडे होतात. जीएमला विरोध करायची दुसरी कारणं असू शकतात, बियाण्यावर कुणाची मालकी वगैरे, त्यावर मी भांडणार नाही.

सिल्लोडचा_मकेवाला

डॉक्टर, २०२१ चं नाव काढलंत ते बरं केलं. परवानगी आली ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. आमचं सोयाबीन निघतं कधी? सप्टेंबर-ऑक्टोबर. बोटी पोचायच्या आत नुसत्या बातमीनं आणि नव्या मालाच्या आवकेनं बाजार कोसळला, लातूरला ऑक्टोबरात भाव पाच हजाराच्या घरात. ज्या दहा हजारावर तुम्ही रडत होता तो दहा हजार कुणाला मिळाला? जूनमध्येच शेतकऱ्याचं घर रिकामं असतं. तो मिळाला साठेवाल्याला. पडलेला भाव मात्र आम्हाला. आयात झाली याचा राग नाही एवढा, ती नेमकी आमच्या काढणीच्या तोंडावर येते याचा आहे.

विटेकर_लेयर

हे खरंय. आणि माझी पण गोष्ट तीच आहे उलट्या बाजूनं. दिवाळीत मका १७-१८ नं मिळतो तेव्हा मी चार महिन्यांचा घेऊन ठेवावा असं कुणीही शहाणा सांगेल. १२०-१३० टन, २२-२३ लाख रुपये एकरकमी, वर गोडाऊन, वर ओल, उंदीर, सोंडे. कॅश क्रेडिटची लिमिट तेवढी नाही, म्हणून मी पंधरा-पंधरा दिवसांचा घेतो, म्हणजे स्वस्तात थोडा आणि महागात जास्त. मोठे इंटिग्रेटर (पिल्लापासून विक्रीपर्यंत सगळं करणाऱ्या कंपन्या) आणि स्टार्चवाले दिवाळीतच थेट खरेदी करून सायलो भरतात. बिहारच्या गुलाबबागहून रब्बी मक्याच्या रेल्वे रॅक भरून दक्षिणेत जातात, त्या मी मागवू शकतो का? आयात खुली झाली तरी बोट मागवणार कोण? तेच. मला तोच मका दलालाकडून दोन रुपये चढवून.

उसाच्या_पट्ट्यातला

इथेनॉलबद्दल कुणीच कसं बोललं नाही अजून? हा सगळा खेळ तिथून सुरू झाला. डिसेंबर २०२३ ला सरकारनं उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला ब्रेक लावला, आणि जानेवारी २०२४ ला मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१.८६ केला. डिस्टिलऱ्या मक्यावर तुटून पडल्या. दोन-तीन वर्षांपूर्वी इथेनॉलला नगण्य मका जायचा, तो आता वर्षाला शंभर लाख टनांच्या पुढं गेलाय. एका टनातून ३८० लिटरच्या आसपास इथेनॉल. तेवढा मका कोंबडीच्या ताटातून गेला म्हणून २०२४ ला तुमची बोंब. मग लोकांनी पेरा वाढवला, २०२४-२५ ला देशात ४३० लाख टनांवर मका झाला. वर सरकारनं एफसीआयचा (अन्न महामंडळाचा) तांदूळ डिस्टिलऱ्यांना साडेबावीस रुपये किलोनं द्यायला काढला, तर त्यांनी मक्यावरचा हात आखडता घेतला. म्हणून सिल्लोडला १६००. अमेरिका यात अजून आलेलीच नाही.

पशुपोषण_कट्टा

+१, आणि डीडीजीएसची मेख इथंच आहे. डीडीजीएस म्हणजे इथेनॉल काढून उरलेला वाळवलेला चोथा. स्टार्च गेलेलं असतं, प्रोटीन २७-३० टक्के, तांदळाचा असेल तर चाळीसच्या वर. आपल्याच डिस्टिलऱ्यांतून तो इतका निघाला की डीओसीच्या निम्म्या भावात मिळायला लागला, फीडवाल्यांनी डीओसी कमी करून तो घातला. डीओसीची मागणी घटली, गाळपवाल्यांना परवडेना, आणि सोयाबीन दोन हंगाम हमीभावाखाली. म्हणजे लातूरच्या सोयाबीनवाल्याचा भाव इथेनॉलच्या चोथ्यानं पाडलाय. त्यात अमेरिकन डीडीजीएस आला तर त्याच जखमेवर.

पक्ष्याच्या बाजूनं पण एक धोका. मूळ मक्यात जे टॉक्सिन असेल ते डीडीजीएसमध्ये साधारण तिप्पट गोळा होतं, कारण स्टार्च निघून जातो आणि विष मागं राहतं. काही ठिकाणचा माल करपलेला असतो, गडद चॉकलेटी रंगाचा, त्यातलं लायसीन (हेही एक अमिनो ॲसिड) कामाचं राहत नाही. ५ टक्के, फार तर ८-१० टक्के घाला. काही महाभाग स्वस्त आहे म्हणून १५ वर जातात आणि मग मला फोन करतात. अमेरिकन मालाचं एक कबूल करायला हवं, लॉट सारखा असतो. आपल्याकडं एकाच कारखान्याचे दोन ट्रक दोन रंगाचे.

दिंडोरी_करारवाला

म्हणजे माझं ते चॉकलेटी फिनिशर...

पशुपोषण_कट्टा

पोत्याचा नमुना ठेवलाय का? पुढच्या वेळी प्रत्येक लॉटचं अर्धा किलो खाद्य कोरड्या बरणीत बंद करून तारीख टाकून ठेवा. सुपरवायझरसमोर भरा. पशुवैद्यकीय कॉलेजात किंवा खाजगी लॅबमध्ये तपासून मिळतं. नुसती बरणी दिसली तरी बोलण्याची पट्टी खाली येते असा अनुभव आहे.

बाजरी_भाकर

टॉक्सिन, इथेनॉल, अमेरिका सगळं वाचलं. साधा प्रश्न, बाजरी का घालत नाही? आमच्याकडं पारनेर-शिरूरला बाजरी आहे, मक्यापेक्षा प्रोटीन जास्त.

विटेकर_लेयर

घालतो ना, मका बाजरीच्या वर गेला की घालतो. तांदळाचा तुकडा पण घालतो. पण २०२२ ला तुकड्याची निर्यात बंद होती तेव्हा मिळायचा, आता निर्यात खुली आणि डिस्टिलरीपण तोच ओढते. बाजरीचा दाणा बारीक आणि कडक, नीट भरडली नाही तर तशीच खालून निघते. आणि तोच बलकाचा रंग. माझा निम्मा माल कोकणात आणि गोव्यात जातो, तिथला होलसेलवाला बलक फिक्का दिसला की दुसऱ्या दिवशी फोन करतो.

सिल्लोडचा_मकेवाला

मग दादा सरळ बोलू. माझा आणि शेजारच्यांचा मिळून एप्रिल-मेला रब्बी मका ४०-५० टन होतो. उन्हाळा आहे, १३ टक्क्यावर वाळवून देतो, बुरशीचा एक दाणा सापडला तर पोतं परत. व्यापारी मध्ये नको. काय भाव देता?

विटेकर_लेयर

त्या दिवशीच्या सांगली बाजाराच्या भावात शंभर कमी, गाडीभाडं माझं.

सिल्लोडचा_मकेवाला

कमी कशाला? दलालाचा कट तर वाचतोय तुमचा. बाजारभाव द्या, बारदाना माझा. आणि पैसे?

विटेकर_लेयर

पैसे महिन्यानं. अंड्याचे मलाच वीस दिवसांनी येतात.

सिल्लोडचा_मकेवाला

व्यापारी रोख देतो दादा.

विटेकर_लेयर

निम्मे गाडी भरताना, निम्मे पंधरा दिवसांनी, बाजारभाव. व्यनि (खाजगी निरोप) केलाय, नंबर टाका.

पुणेरी_प्रेक्षक

पॉपकॉर्न संपले. सिल्लोडकर, किलोभर मला पण पाठवा, रोख देतो.